तीन चाळीसची फेरी

३ फेब्रुवारी

दादा,

वाकून नमस्कार. कंबर धरली आहे, तेव्हा अर्धीच वाकले आहे असं समज.

फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे या काठावरून त्या काठाला हाका मारायच्या. एकतीस वर्षं इंजिनाशेजारी उभा राहून तू कान घालवलेस, आणि मी ओरडायला लागले की आमच्या मजल्यावरचे लोक दार उघडून बघतात. म्हणून पत्रच बरं. शिवाय दिवसभर मी दुसऱ्याच्या तोंडी घालायची वाक्यं लिहिते. आठवड्यातून एकदा स्वतःची चार लिहावीत.

अधिवेशन सोमवारपासून. वहिनी दर वेळी विचारते, "तुमचं नेमकं काम काय हो?" तिला सांग, आमदार प्रश्न पाठवतात, मंत्री सभागृहात उभे राहून उत्तर देतात, आणि ते उत्तर आधी माझ्या टेबलावर जन्माला येतं. आपल्या प्रदेशाला स्वतःचं सरकार मिळून अकरा वर्षं झाली. रस्ते, शाळा, दवाखाने, बोटी आमच्याकडे आल्या. रेल्वे, टपाल, नद्या केंद्राकडे राहिल्या. त्यामुळे निम्म्या प्रश्नांना "हा विषय केंद्राच्या अखत्यारीत आहे" असं लिहून मोकळं होता येतं. उरलेल्या निम्म्यांना खरी उत्तरं लागतात.

या खेपेला आमच्या कार्यासनाकडे बावीस प्रश्न आले. एकोणीस वाचले, विसावा उघडला आणि खुर्चीत ताठ झाले. तुझी बोट! विचारणाऱ्या तुमच्याकडच्याच आमदारबाई. रोजच्या आठही फेऱ्या वेळापत्रकाप्रमाणे होतात हे खरे आहे काय. असल्यास, मागील सहा महिन्यांत वेळेवर सुटलेल्या फेऱ्यांचे प्रमाण किती. नसल्यास, त्याची कारणे काय?

आमच्या साहेबांनी (उपसचिव, माणूस चांगला, पण प्रश्न दिसला की आधी तो दुसऱ्याच्या अंगणात टाकता येतो का बघतो) नेहमीचा डाव टाकला. "बाई, नद्या केंद्राकडे ना? मग लिहून टाका."

"साहेब, पाणी केंद्राचं. बोट आपली."

"आणि धक्का?"

"धक्काही आपलाच."

"अरेरे," म्हणाले, जणू तो धक्का सासऱ्यांनी त्यांच्या गळ्यात बांधला होता.

एक गोष्ट मनात टोचते आहे. ती बोट माझा सख्खा भाऊ चालवतो हे साहेबांना सांगावं का? दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. बोट सरकारची, भाऊ माझा, दोन्हींचा संबंध काय, असं स्वतःला सांगितलं. हे मला पटलं की मी पटवून घेतलं, ते अजून ठरलेलं नाही.

जिल्हा कार्यालयामार्फत तुझ्याकडे तक्ता येईल. नीट भर. सभागृहात चुकीची माहिती गेली तर मंत्र्यांना उभं राहून ती कबूल करावी लागते, आणि मग चूक जिथून निघाली तिथपर्यंत चौकशी उतरत येते. तुझ्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, आणि सेवापुस्तकात एक वाईट शेरा नाही. ते तसंच राहू दे.

तुझी धाकटी


१० फेब्रुवारी

शंकाराणीस खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या वहिनीने मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे शेजाऱ्यांनाही मिळालं. साहेबांच्या सासऱ्यांवर ती इतकी हसली की पुढचं वाक्य तीनदा वाचावं लागलं.

तक्ता आला, भरला, पाठवला. सहा महिने, रोज आठ फेऱ्या, एकेक वेळ माझ्या हातची. बोटीवरचा दोरवाला बाजूला बसून बघत होता. म्हणाला, "मालक, शाळेत एवढं लिहिलं असतंत तर आज तुम्हीच मंत्री असता."

ज्या बाईंनी हा प्रश्न विचारलाय त्या जाड भिंगांच्या चष्मेवाल्या का? गेल्या महिन्यात त्या बोटीने आल्या होत्या, एकदा नाही, तीनचारदा. मागच्या बाकावर बसायच्या. थर्मासमधला चहा मलाही दिला. साखर नव्हती, पण दिला. बोलल्या काही नाहीत. पाण्याकडे बघायच्या आणि मधूनच घड्याळाकडे. मला वाटलं मोठ्या माणसांना खोडच असते. स्वभावाने कशा आहेत? तापट आहेत का?

आणि एक सहज विचारतो. फेरीवहीतल्या वेळा पुढे कोणी पडताळून बघतं का? समजा एखादी फेरी दहावीस मिनिटं मागेपुढे झाली, तर ते फार मोठं मानतात का? हेही सहजच.

बोटीला रंग दिला. कठड्याला निळा मागितला होता, कोठारातून हिरवा आला. आता बोट लांबून भाजीच्या टोपलीसारखी दिसते. इंजिन मात्र सुरात आहे. तुझ्या कंबरेला गरम पाण्याची पिशवी लाव आणि खुर्ची बदलून माग. सरकारला उत्तरं लिहून देतेस, एक खुर्ची मागता येत नाही?

दादा


१६ फेब्रुवारी

दादा,

खुर्ची मागितली. अर्ज तिसऱ्या टेबलावर आहे.

तुझा तक्ता पोचला आणि उत्तर गेलंसुद्धा. तुला म्हणून लिहून दाखवते:

(१) हे खरे आहे. (२) शंभर टक्के. (३) प्रश्न उद्भवत नाही.

बघ कसं स्वच्छ आहे! एरवी माझी उत्तरं म्हणजे "अंशतः खरे आहे", "कार्यवाही सुरू आहे", "बाब तपासून पाहण्यात येत आहे". इतकं सरळ उत्तर वर्षातून एखादंच लिहायला मिळतं. साहेबांनी वाचलं आणि चक्क "छान" म्हणाले. असा शब्द त्यांच्या तोंडून मी सहा वर्षांत ऐकला नव्हता.

तुला एक कबूल करते. शंभर टक्के हा आकडा टेबलावर आला की मी फोन उचलते. तो माझा नियमच आहे, कारण शंभर टक्के वेळेवर जगात काहीच होत नाही. या वेळी उचलला नाही. तक्त्यावर तुझं अक्षर होतं, ते पाय लांब सोडलेले आकडे. ज्याने माझा हात धरून मला आकडे काढायला शिकवले, त्याच्याच आकड्यांवर काय शंका घ्यायची?

तुझ्या "सहज" प्रश्नांची उत्तरं: पडताळून बघतात, आणि ते बघणारी मीच. दहावीस मिनिटं मोठी मानतात. पण तुझं तर तसं काही नाही, मग तुला कशाला घोर? वरच्या घाटावरच्या बोटवाल्याची काळजी वाहतोयस ना? तुझी जुनी सवय. त्याला म्हणावं, जे असेल ते लिही.

आमदारबाई तापट अजिबात नाहीत. प्रश्न विचारताना आवाजही चढत नाही. सभागृहात अशाच माणसांची जास्त धास्ती असते म्हणतात, पण आपल्याला काय?

तुझी धाकटी


२४ फेब्रुवारी

दादा,

आज तुझी बोट प्रश्नोत्तराच्या तासाला आठव्या क्रमांकावर होती.

मंत्र्यांनी उत्तर वाचलं. आमदारबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अध्यक्ष महोदय, मी मंत्रिमहोदयांचं अभिनंदन करते. शंभर टक्के वेळेवर तर सूर्यही उगवत नाही." सगळे हसले, मंत्रीही हसले, मीही हसले.

मग त्यांनी पर्समधून छोटी वही काढली. "गेल्या महिन्यात चार बुधवार मी या बोटीने गेले. पलीकडच्या धक्क्यावरून तीन चाळीसला सुटणारी फेरी पहिल्या बुधवारी चार दहाला सुटली. दुसऱ्या बुधवारी चार बारा. मग चार नऊ, मग पुन्हा चार दहा. माझं घड्याळ बिघडलं असेल, तर ते चारही बुधवारी एकसारखं कसं बिघडलं, एवढंच मंत्र्यांनी सांगावं."

मंत्र्यांनी मान वळवून अधिकाऱ्यांच्या सज्जाकडे बघितलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या मागे भिंत होती, म्हणून मी चिठ्ठीच्या कागदाकडे बघितलं. सज्जातून मंत्र्यांना चिठ्ठी पाठवायची असते. उपप्रश्नाचं उत्तर त्या दोन बोटं रुंद कागदावर मावायला हवं. काय लिहिणार होते मी? "माहिती घेऊन पटलावर ठेवू" एवढं लिहिलं. मंत्र्यांनी ते असं वाचलं, जणू त्यांनाच सुचलं होतं. अध्यक्षांनी तीन आठवडे दिले.

मी रागावून लिहीत नाही. एकच विचारते, आणि तुझ्या तक्त्यातली नको, नदीवरची वेळ सांग. तीन चाळीसची बोट किती वाजता सुटते?

धाकटी


२७ फेब्रुवारी

शंके,

चार दहाला.

आता सगळं सांगतो. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या हॉस्पिटलने बसची वेळ बदलली. आधी बस साडेतीनला धक्क्यावर यायची, आता चार पाचला येते. आमची बोट तीन चाळीसची. ती गेली की पुढची एकदम साडेपाचला. बसमधून उतरतात ती माणसं किडनीच्या मशीनवर चार तास पडून आलेली असतात. पाय ओढत येतात, आणि धक्क्यावर ना छप्पर ना नळ.

बस बदलली त्या पहिल्या दिवशी बोट दहा हात पुढे गेली होती, तेव्हा एक मास्तर उतरले. हाक मारली नाही त्यांनी. मारली असती तर मी बहुधा चिडलो असतो. हात अर्धा वर केला आणि परत खाली घेतला. दुसऱ्या दिवसापासून मी थांबायला लागलो.

जिल्हा कार्यालयाला दोनदा लिहिलं की वेळ बदला. उत्तर आलं, वेळापत्रकात बदल करण्याचे अधिकार या कार्यालयास नाहीत. कोणाला आहेत ते लिहिलं नव्हतं. मग मी वहीत तीन चाळीस लिहीत गेलो. कारण उशीर लिहिला की कारण लिहावं लागतं. कारण लिहिलं की खुलासा मागतात. खुलासा दिला की "यापुढे थांबू नये" असं लेखी येतं. तोंडी असेपर्यंत माणसाला थांबता येतं, लेखी आल्यावर येत नाही.

तुला का नाही सांगितलं? कारण तुला कळलं असतं तर तू ते लिहिलंच असतंस. लहानपणी तू स्वतःचा फुटलेला कप स्वतःच आईला नेऊन दाखवायचीस. मी तुझा भाऊ असून मला तुझी भीती वाटली, आता बोल!

पण खरं सांग, मी कोणाचं वाईट केलं? अर्धा तास बोट उभी राहिली. इंजिन बंद होतं, डिझेलचा थेंब जळला नाही.

साहेबांना सांगायचं ते सांग. माझं नाव घे. पण मी तुझा भाऊ हे नको सांगूस. तुझी वीस वर्षं नोकरी राहिली आहे, माझे चौदा महिने. तुझी वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. म्हणते, "सगळ्या गल्लीला सांगून आले आमची बोट शंभर टक्के. आता मी कोणत्या तोंडाने भाजी आणायला जाऊ?"

दादा


२ मार्च

दादा,

साहेबांना सगळं सांगितलं. भाऊसुद्धा.

ते बराच वेळ टेबलावरचा टाचण्यांचा डबा उघडत-मिटत होते. मग म्हणाले, "बाई, हे तुम्ही सांगितलं नसतं तर कोणाला कळलं नसतं."

"मला कळलं होतं ना, साहेब."

"तुम्ही घरी पण अशाच असता का?"

"घरी जास्त."

मग त्यांनी मला वाचवायला एक वाट काढली. "टंकलेखनातील चूक असं लिहू या." मी म्हटलं, "सहा महिने, रोज, त्याच फेरीत, तीच चूक?" साहेबांनी डबा मिटला. म्हणाले, "आमदारबाईंना हसायला आठवडाभर पुरलं असतं." तेव्हा खरंच लिहायचं ठरलं.

तू विचारलंस, मी कोणाचं वाईट केलं. मीही दिवसभर स्वतःशी तुझीच बाजू मांडत होते, आणि जिंकत होते. काल आमदारबाई जिन्यात भेटल्या तोवर.

पलीकडे कपड्यांचा कारखाना आहे. दुसरी पाळी साडेचारला लागते. आपल्या काठावरून चारला बोट निघाली तर सव्वाचारला तिकडे पोचते, आणि बायका वेळेत मशीनवर बसतात. पण तुझी तीन चाळीसची फेरी चार दहाला निघाली, तर ती चारची बोट अलीकडून साडेचारला सुटते. यातली एक शिवणारी दोनदा उशिरा पोचली. तिने सांगितलं, बोटच उशिरा येते. मुकादमाने जिल्हा कार्यालयाला विचारलं. कार्यालयाने लेखी कळवलं, फेरीवहीनुसार बोट रोज वेळेवर सुटते. तुझी वही, दादा. सगळ्या खात्यासमोर ती खोटारडी ठरली. तिच्या नावापुढे दोन लाल खुणा आहेत, तिसरीला मशीन जातं. म्हणून आता ती सव्वातीनच्याच बोटीने येते आणि पाळी लागेपर्यंत धक्क्यावर बसून राहते. तिची मुलगी साडेतीनला शाळेतून येते, ती बंद दाराशी.

तू तिला रोज बघत असणार.

मी बाईंना विचारलं, "तुम्ही सरळ वेळापत्रक बदलायची मागणी का नाही केलीत?"

त्या म्हणाल्या, "केली असती, तर तुम्हीच लिहिलं असतंत की बोट शंभर टक्के वेळेवर सुटते, सबब बदलाची आवश्यकता नाही. आधी ते शंभर टक्के काढायला हवे होते. मला मंत्र्यांना पकडायचं नव्हतं हो. मला वेळ हवी होती."

खरंच, मी तसंच लिहिलं असतं. "सबब"सुद्धा.

तू दया केलीस, मी तुझ्या अक्षरावर माया केली, आणि दोघांनी मिळून एका बाईला खोटं पाडलं. तुझ्याहून माझी चूक मोठी की लहान हे मी कालपासून मोजते आहे. ते जाऊ दे. खरा तक्ता पाठव, जसा झाला तसा.

धाकटी


७ मार्च

शंके,

ती बाई! मला वाटायचं तिला नदी बघायला आवडतं. इतके महिने मी बोटीत उभा, ती धक्क्याच्या बाकावर बसलेली, मध्ये वीस पावलं. एकदा दोरवाल्याला म्हणालोही होतो, "बघ, काही माणसं किती निवांत असतात."

तुझं पत्र आलं त्याच दुपारी जाऊन तिच्या शेजारी बसलो. म्हटलं, "माझ्या वहीने तुम्हाला खोटं पाडलं."

"माहीत आहे."

"मग कधी बोलला नाहीत?"

"काय बोलणार, काका? तुम्ही त्या आजारी माणसांसाठी थांबता. माझे वडील त्याच मशीनवर होते. त्यांच्या वेळी कोणी थांबत नव्हतं." मग म्हणाली, "रागावणार नसाल तर एक विचारू? तुम्ही इथे इतका वेळ नुसते उभे असता. त्यापेक्षा जाऊन का येत नाही? तीन चाळीसला निघा. चारला आम्हाला तिकडून घेऊन या. तोवर बस आलेलीच असते. मग तिच्या माणसांना घेऊन परत जा."

आणि माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? "अहो, ते वेळापत्रकात नाही ना!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. दोरवाला पाण्याकडे तोंड करून उभा होता, त्याची पाठ हलत होती. दोन वर्षं वेळापत्रक गुंडाळून ठेवलेला माणूस तिला वेळापत्रक शिकवत होता.

घरी येऊन विचार केला, मला हे सुचलं कसं नाही? वेळापत्रकाप्रमाणे बोट सव्वाचारला पलीकडे आली की साडेपाचपर्यंत आम्ही पाय पसरून बसतो. इंजिन गार होतं, आमचा चहा होतो. तेवढ्यात एक फेरी नेऊन रिकामी बोट परत आणणं सहज बसतं. पण वहीत ओळीच आठ छापल्यात. नववी फेरी केली तर ती लिहायची कुठे? थांबलेलं लिहावं लागत नाही, गेलेलं लिहावं लागतं. म्हणून मी थांबत राहिलो आणि स्वतःला भला माणूस समजत राहिलो. भला होतोच थोडा. आळशीही होतो.

खरा तक्ता सोबत आहे. बसच्या ड्रायव्हरची वही मागून आणली. धक्क्यावर पोचल्याची वेळ तो रोज मिनिटासकट लिहितो. त्यात चढायची पाच-सहा मिनिटं मिळवली, आणि तसं तक्त्यावर लिहिलंय, की ही वेळ अंदाजे. वेगळा खुलासाही दिलाय. चूक माझी, दोन वर्षांची, जाणूनबुजून. ती बहिणीच्या टेबलावर गेली, बहिणीला ठाऊक नव्हतं. बहीण आहे, हेही लिहिलंय. तू आधीच सांगून बसलीस, मग मी कशाला लपवू?

नवव्या फेरीची सूचनाही खाली जोडली आहे. सूचना माझी नाही, शिवणाऱ्या बाईंची, असं स्पष्ट लिहिलंय.

काल रात्रीपासून वहिनी बोलायला लागली. पहिलं वाक्य: "कठडा हिरवाच ठेवा, आता चांगला दिसतोय."

दादा


१५ मार्च

दादा,

झालं.

मंत्री उभे राहिले आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर चुकीचं होतं." वाक्य मीच लिहिलं होतं. साहेबांनी त्यात आधी "काही अंशी" घातलं, मग स्वतःच खोडलं. मंत्री असं काही वाचत असताना सज्जातले आम्ही सगळे सहसा छताकडे बघतो. आज मी समोर बघितलं.

दुरुस्त उत्तर असं गेलं: (१) हे खरे नाही. (२) आठपैकी सहा फेऱ्या वेळेवर सुटत. (३) हॉस्पिटलच्या बसची वेळ बदलल्यानंतर वेळापत्रक बदलण्यात आले नाही, त्यामुळे बोट रुग्णांसाठी थांबत असे व पुढील फेरीस उशीर होत असे. तिसऱ्याला "प्रश्न उद्भवत नाही" लिहायची इतकी सवय, की हात दोनदा तिकडे वळला.

कोणीतरी मागून ओरडलं, "बोटवाल्यावर काय कारवाई?" मंत्र्यांनी माझी चिठ्ठी मागितली नाही. स्वतःच म्हणाले, "त्याला लेखी ताकीद दिली आहे. आणि आमच्या विभागालाही कोणीतरी द्यायला हवी. त्याने वेळ बदलायला दोनदा लिहिलं होतं, ती दोन्ही पत्रं आमच्याच कपाटात सापडली." हशा झाला. आमदारबाई उठल्या आणि एवढंच विचारलं, "नववी फेरी कधीपासून?" मंत्री म्हणाले, "सोमवारपासून." त्यांनी आपल्या छोट्या वहीत ते लिहून घेतलं. आता ही बोट त्या कायमची मोजणार, लक्षात ठेव.

ताकीद तुझ्या सेवापुस्तकात जाईल. एकतीस वर्षांतला पहिला शेरा. मी तो वाचला. "वस्तुस्थिती न नोंदविल्याबद्दल." थांबल्याबद्दल नाही. साहेबांनी तेवढा फरक मुद्दाम राखला.

कारखान्याला जिल्हा कार्यालयाचं नवं पत्र गेलं आहे, की आधीचं पत्र चुकीच्या नोंदींवर दिलं होतं. त्याची प्रत मी स्वतः बघितली, पाकिटात घालताना बघितली. दोन्ही लाल खुणा काढल्याचं त्यांनी कळवलंय.

आणि मला परिवहनातून उचलून उद्यानं आणि वाचनालयांकडे टाकलंय. बोटींचे प्रश्न माझ्याकडे येणं बरं दिसत नाही, हे बरोबरच आहे. मी वाईट वाटून घ्यायचा प्रयत्न केला. काल दिवसभर केला, जमला नाही. रोजनिशीत लिहायला बसले तर "आज बरं वाटतंय" यापुढे काही सुचेना. मग त्यातही शंका काढली, की एवढं बरं वाटायला मी केलं काय? जे आधीच करायला हवं होतं ते उशिरा केलं. तरी बरं वाटायचं थांबलं नाही. नव्या टेबलावर पहिलाच प्रश्न आलाय, सार्वजनिक बागेतल्या बाकांची संख्या किती. बागेत जाऊन मोजून येणार आहे.

साहेब निरोप देताना म्हणाले, "तुमच्या भावाला सांगा, बोट थांबवायला धैर्य लागतं." मग म्हणाले, "आणि यापुढे वहीत लिहायला जास्त लागेल."

सोमवारचं कळव.

तुझी धाकटी


२३ मार्च

शंकाराणीस आशीर्वाद.

सोमवारचं सांगतो. सकाळीच पट्टी घेऊन वहीत नववी ओळ आखली. छापील वही पुढच्या महिन्यात येणार म्हणतात, म्हणजे सहा महिने धर. दोरवाला म्हणाला, "ओळ वाकडी आलीय." मी म्हटलं, बोट सरळ जाऊ दे म्हणजे झालं.

तीन चाळीसच्या फेरीला तीन चाळीसलाच सुटलो. कितीतरी दिवसांनी. धक्का रिकामा, बाक रिकामा, विचित्रच वाटलं. चारला अलीकडून बायका चढल्या, अकरा जणी. शिवणारी बाई सगळ्यांत शेवटी धावत आली. म्हणाली, "पोरीला वाढून आले." सव्वाचारला त्यांना उतरवलं. तिने मागे वळूनही बघितलं नाही, घाईत होती. मला ते फार बरं वाटलं.

बस आलेली होती. माणसं चढायला लागली. मास्तर आता नाहीत, मागच्या पावसाळ्यात गेले. बाकीचे बसले, दोरवाल्याने दोर सोडायला घेतला, चार वीस झाले. तेवढ्यात बघतो तर बसच्या पायरीवर एक आजी. नवीनच होत्या, आधी कधी बघितल्या नव्हत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हाताला पट्टी. एकेक पायरी उतरायच्या आणि श्वास घ्यायच्या.

दोरवाल्याने माझ्याकडे बघितलं. बोटीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी इंजिन बंद केलं.

आजी आल्या, बसल्या, म्हणाल्या, "माझ्यामुळे खोळंबलात."

म्हटलं, "हो. सात मिनिटं."

पलीकडून निघालो आणि वही काढली. सुटायची वेळ, चार वीस. सुटली, चार सत्तावीस. कारणाच्या रकान्यात आजवर मी कधी काही लिहिलं नव्हतं, पेन तिथे जाऊन जरा अडलं. मग लिहिलं, "आजी बसमधून उतरत होत्या."

दोरवाला खांद्यावरून वाचत होता. म्हणाला, "मालक, खुलासा मागतील हं."

म्हटलं, "मागू देत की. लिहून ठेवलाय."

दादा